ऋण संख्येचा भागाकार आणि बाकी: सी++ एक सांगते, पायथॉन दुसरं

सांगलीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगतो. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी मोजून ती इशारा पातळीच्या किती वर किंवा खाली आहे हे दाखवायचा त्याचा प्रकल्प आहे. पुलाकडच्या छोट्या बोर्डवर सी++ चा कोड चालतो, सर्व्हरवर पायथॉन. पाणी ३८ फूट ५ इंचांवर होतं, इशारा पातळी ४० फूट, म्हणजे फरक −१९ इंच. त्याला १२ ने भागून फूट काढले आणि बाकी घेऊन इंच काढले, तर बोर्डवर आलं −१ फूट −७ इंच आणि सर्व्हरवर −२ फूट ५ इंच. "सर, सूत्र तेच, आकडेही तेच. मग दोघांतलं बरोबर कोण?"

दोन्ही भाषा आपापल्या नियमाला धरून बरोबर आहेत. पण लोकांना दाखवायच्या फलकावर या दोन्हींतलं एकही उत्तर जसंच्या तसं चालणार नाही. असं का, ते नीट समजून घे, कारण ऋण संख्येच्या भागाकाराचा हा घोळ तुला पुढे तारखा, कोन, नकाशे, हिशोब अशा सगळीकडे भेटणार आहे.

पाचवीत शिकलेलं सूत्र आठव: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. आता दोन्ही उत्तरं त्यात घालून बघ. १२ × (−१) + (−७) = −१९. १२ × (−२) + ५ = −१९. दोन्ही बसतात. बाकी भाजकापेक्षा लहान असली पाहिजे, हा शाळेतला दुसरा नियमही दोन्ही पाळतात, कारण ७ आणि ५ दोन्ही बारापेक्षा लहानच. शाळेत भाज्य कधी ऋण नव्हतंच, त्यामुळे बाकीचं चिन्ह काय असावं हे कुणी सांगितलं नाही. ती मोकळी जागा प्रत्येक भाषेने आपल्या मताने भरली. गणिती लोकांना याचा त्रास होत नाही. १२ च्या हिशोबात −१९, −७, ५, १७ हे सगळे एकाच गटातले, असं मानून ते पुढे जातात. संगणकाला मात्र त्या गटातला एकच आकडा हातात द्यावा लागतो.

खरं भागफल −१.५८३ आहे. त्याला पूर्णांकात आणायचं तर दोन सोपे रस्ते. एक, दशांश नुसता छाटायचा, म्हणजे शून्याच्या दिशेने सरकायचं: −१. दुसरा, संख्यारेषेवर नेहमी डावीकडे, खालच्या पूर्णांकाकडे जायचं: −२. भागाकार ठरला की बाकी आपोआप ठरते, कारण वरचं सूत्र जुळलंच पाहिजे. छाटणाऱ्या पद्धतीत बाकीला भाज्याचं चिन्ह मिळतं, खाली जाणाऱ्या पद्धतीत भाजकाचं. एवढं एक वाक्य पक्कं लक्षात राहिलं तर निम्मं काम झालं.

छाटणाऱ्यांत सी, सी++, जावा, सी शार्प, गो, रस्ट, स्विफ्ट, पीएचपी येतात. जावास्क्रिप्टचं बाकी काढणारं % चिन्ह, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची बाकीही त्यांच्यातलीच. खाली जाणाऱ्यांत पायथॉन, रुबी, लुआ, आर. एडा, हॅस्केल आणि कॉमन लिस्प यांनी शहाणपणा केला आणि दोन्ही प्रकारच्या बाक्या वेगवेगळ्या नावांनी दिल्या. फोर्ट्राननेही १९९० च्या आवृत्तीपासून 'मॉड' आणि 'मोड्युलो' अशा दोन बाक्या ठेवल्या. जावाने २०१४ च्या आठव्या आवृत्तीत 'फ्लोअरडिव्ह' आणि 'फ्लोअरमॉड' ही खाली जाणारी फंक्शन्स दिली. झिग भाषेची रीत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. चिन्ह असलेल्या पूर्णांकांवर, त्यांच्या किमती कंपाइल करताना माहीत नसतील, तर साधा / वापरूच देत नाही; कोणता भागाकार हवा ते नाव घेऊन सांग म्हणते.

तिसराही रस्ता आहे. भाजक ऋण असला तरी बाकी कधीच ऋण होऊ द्यायची नाही. याला युक्लिडची पद्धत म्हणतात, आणि रेमंड बूट यांनी १९९२ मध्ये एका शोधनिबंधात तिची बाजू जोरात मांडली. भाजक धन असेल तोवर ही आणि खाली जाणारी पद्धत यांची उत्तरं एकच येतात. फरक पडतो तो ७ ला −२ ने भागताना: छाटलं तर भागाकार −३, बाकी १, खाली गेलं तर −४ आणि −१, युक्लिडने −३ आणि १. आणि −७ ला −२ ने भागलं तर पहिल्या दोन्ही पद्धतींत ३ आणि −१, युक्लिडने ४ आणि १. रस्टमध्ये यासाठी 'डिव्ह युक्लिड' आणि 'रेम युक्लिड' आहेत. पण खरं सांगायचं तर रोजच्या कामात भाजक ऋण असण्याची वेळ फार क्वचित येते. भाजक म्हणजे बहुधा १२ इंच, ७ वार, ६० मिनिटं, ३६० अंश. त्यामुळे तुझ्यासाठी निवड दोघांतच आहे.

आता हे दोन तट पडले कसे? फोर्ट्रान १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी आली. त्या यंत्रात चिन्ह वेगळं आणि आकडा वेगळा साठवत. आकड्यांचा भागाकार करायचा आणि वर चिन्ह लावायचं, हे तिथे ओघाने आलं, म्हणजेच छाटणी. सी आली तेव्हा बाजारात तऱ्हेतऱ्हेची यंत्रं होती. कुणाचं यंत्र असं भागायचं, कुणाचं तसं. म्हणून १९८९ च्या प्रमाणकाने हा निर्णय घेतलाच नाही: दोघांपैकी एक जरी ऋण असेल तर कोणत्या बाजूला जायचं ते कंपायलर बनवणाऱ्याने ठरवावं, एवढंच लिहिलं. दहा वर्षांनी, सी९९ मध्ये, समितीने फोर्ट्रानकडे बोट दाखवून छाटणी पक्की केली. सी++ ने तेच २०११ मध्ये केलं. आजचे इंटेल आणि आर्म दोन्ही प्रोसेसर आपल्या भागाकाराच्या सूचनेत छाटतातच, त्यामुळे यंत्राजवळ राहणाऱ्या भाषांना ते स्वस्त पडतं. जुन्या पुस्तकांत "ऋण संख्येवर % वापरू नका" असा इशारा दिसतो तो त्या १९८९ च्या काळातला. तेव्हा तो योग्यच होता.

पायथॉनचा कर्ता गिडो व्हान रॉसम याने २०१० मध्ये आपली निवड स्वतः समजावून सांगितली, आणि त्यातलं एक उदाहरण वेळेचं आहे. संगणक वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, युटीसीप्रमाणे (जगाची प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), सेकंदांत. दिवसात ८६,४०० सेकंद. म्हणजे बाकी काढली की दिवसातली वेळ मिळते. पण १९७० च्या आधीची वेळ ऋण असते, आणि तिथे छाटणारी बाकी निरर्थक होते. त्याचा मुद्दा आपण आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका तारखेवर तपासू.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. युटीसीप्रमाणे तेव्हा १० डिसेंबरच्या रात्रीचे २२:५१ झाले होते. १९७० च्या आरंभापासून मोजलं तर हा क्षण −६,४९,७६,९४० सेकंदांवर येतो. याला ८६,४०० ने भाग. पायथॉन म्हणतो: दिवस −७५३, बाकी ८२,२६०. ८२,२६० सेकंद म्हणजे बरोबर २२ तास ५१ मिनिटं, आणि −७५३ वा दिवस म्हणजे १० डिसेंबर १९६७. दोन्ही गोष्टी थेट मिळाल्या. सी म्हणते: दिवस −७५२, बाकी −४,१४०. −७५२ वा दिवस ११ डिसेंबर; म्हणजे युटीसीची तारीख एका दिवसाने पुढे गेली, आणि वेळ आली "उणे १ तास ९ मिनिटं". गणित चुकलेलं नाही, ११ डिसेंबरच्या मध्यरात्रीआधी ६९ मिनिटं हे खरंच आहे. पण घड्याळात उणे १:०९ वाजत नाहीत. भूकंपाच्या नोंदी, जुने जन्मदाखले, पावसाच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवणाऱ्याला हे एका दिवसाचं घसरणं हमखास भेटतं, आणि ते फक्त १९७० आधीच्या नोंदींत होत असल्याने लवकर लक्षातही येत नाही.

वाराचंही तसंच. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. गुरुवारला ०, शुक्रवारला १ असे क्रमांक दिले की दिवसांच्या आकड्याची ७ ने काढलेली बाकी म्हणजे वार. १५ ऑगस्ट १९४७ हा −८१७५ वा दिवस. खाली जाणाऱ्या पद्धतीने बाकी १, म्हणजे शुक्रवार, जो खरोखर होता. छाटणाऱ्या पद्धतीने बाकी −६. वारांच्या यादीत −६ वा वार कुठून आणणार? जावा तिथे थांबते आणि त्रुटी सांगते. जावास्क्रिप्ट 'अनडिफाइन्ड' देते. सी मात्र यादीच्या आधीच्या स्मृतीत जे काही असेल ते उचलून आणू शकते, आणि सगळ्यांत घातक तेच, कारण कधी कधी ते बरोबर दिसतं.

यामागचं कारण नीट बघ. खाली जाणाऱ्या पद्धतीत संख्यारेषेचे सारखे तुकडे पडतात. १२ ने भागलं तर ० ते ११ एका घरात, १२ ते २३ पुढच्या, −१२ ते −१ मागच्या. प्रत्येक घरात बारा आकडे. शून्य कुठे आहे याचा त्या तुकड्यांशी संबंध नाही. आरंभबिंदू बारा-बाराने कुठेही सरकवा, बाकी तीच राहते. छाटणाऱ्या पद्धतीत शून्याचं घर फुगतं. −११ पासून ११ पर्यंतचे तेवीस आकडे सगळे शून्याच्या घरात जातात आणि बाकी घरांत बाराच. नकाशावर चौकटी पाडताना किंवा मोजमापांचा आलेख काढताना मधला खांब अकारण दुप्पट उंच दिसला, तर आधी हे तपासायचं.

एवढं वाचून तुला वाटेल की पायथॉनचंच खरं. थांब. तुझ्याच फलकाकडे परत ये.

"इशारा पातळीच्या −२ फूट ५ इंच" हे वाचून हरिपूरच्या किंवा मारुती चौकातल्या माणसाने काय समजायचं? तो म्हणेल, दोन फूट पाच इंच खाली आहे. खरं पाणी एक फूट सात इंच खाली आहे. म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा दहा इंच लांब वाटलं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या माणसासाठी हे दहा इंच लहान नाहीत. त्यावर सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं हे ठरतं. इथे माणसाला हवं आहे ते अंतर, आणि अंतर शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखंच मोजलं पाहिजे. १९ इंच वर म्हणजे १ फूट ७ इंच वर असेल, तर १९ इंच खाली म्हणजे १ फूट ७ इंच खालीच असायला हवं. हा आरशासारखा सारखेपणा छाटणाऱ्या पद्धतीत आहे, खाली जाणाऱ्या पद्धतीत नाही.

म्हणून मी भागाकार लिहिण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: हा आकडा जागा सांगतोय की अंतर? वार, घड्याळातली वेळ, कोन, नकाशातली चौकट, यादीतला क्रमांक या जागा आहेत. तिथे खाली जाणारा भागाकार हवा. उधारी, तफावत, कालावधी, पातळीतला फरक ही अंतरं आहेत. तिथे छाटणी हवी, आणि चिन्ह वेगळं काढलेलं त्याहून चांगलं. भाषा कोणती हा प्रश्न त्यानंतर येतो.

पायथॉनमध्येच याचा धडा आहे. वर आलेली −४,१४० सेकंदं पायथॉनच्या कालावधीच्या प्रकारात, 'टाइमडेल्टा'त, घालून छापली तर तो "−१ दिवस, २२:५१:००" असं दाखवतो. आतल्या हिशोबाला हे सोयीचं आहे. पण "६९ मिनिटं आधी" असं सांगायचं होतं तिथे वाचणाऱ्याला जवळजवळ दोन दिवस मागे गेल्यासारखं वाटतं.

आता फक्त बोर्डवरची छाटणी सर्व्हरवर आणली की झालं का? नाही, आणि हा भाग सगळ्यांत काळजीपूर्वक वाच. समज पाणी इशारा पातळीच्या ६ इंच खाली आहे. फरक −६. छाटून भागाकार ०, बाकी −६. बहुतेक जण "−१ फूट −७ इंच" वाईट दिसतं म्हणून इंचांचं चिन्ह काढून टाकतात आणि फुटांवरचं चिन्ह ठेवतात. −१९ ला ते चालतं: −१ फूट ७ इंच. −६ ला मात्र फूट ० आणि शून्याला उणे चिन्ह नसतं, म्हणून फलकावर येतं "० फूट ६ इंच". पाणी सहा इंच खाली असताना ते सहा इंच वर गेल्याचं दिसतं. −११ ते −१ या पूर्ण पट्ट्यात असंच होणार, म्हणजे पाणी इशारा पातळीला टेकायला आलेलं असताना, जेव्हा सगळी सांगली तो आकडा बघत असते, नेमकं तेव्हा. कोरड्या दिवसांत चाचणी घेऊन हा दोष दिसणारच नाही.

उपाय साधा आहे. फरक धन आहे की ऋण हे आधी बघून ठेव. मग चिन्ह काढून नुसत्या आकड्याचा भागाकार आणि बाकी काढ, आणि पुढे "वर" किंवा "खाली" हा शब्द लिही. धन संख्यांवर जगातल्या सगळ्या भाषा एकमताने वागतात, त्यामुळे बोर्ड आणि सर्व्हर यांत फरक उरणारच नाही.

त्याच ओघात दोन गोष्टी. पातळी पूर्ण इंचांत साठव, दशांश फुटांत नको. आपल्याकडे "अडतीस पाच" म्हटलं की अडतीस फूट पाच इंच. कुणीतरी ते ३८.५ असं टाइप करतो आणि ते होतात अडतीस फूट सहा इंच. दुसरी गोष्ट, सेन्सरच्या आकड्याला जवळच्या पूर्णांकात आणायला अर्धा भाजक मिळवून भागायची युक्ती सगळे वापरतात: (अ + ब/२) / ब. ऋण संख्येवर ती छाटणाऱ्या भाषेत फसते. −१९ मध्ये ६ मिळवले, −१३ झाले, १२ ने छाटून −१; पण −१.५८ ला जवळचा पूर्णांक −२ आहे. पायथॉनमध्ये तीच युक्ती −२ देते. बोर्डवर गोलाई आणायची असेल तर ऋण आकड्यात अर्धा भाजक वजा करावा लागतो.

तुझा वेबपेज जावास्क्रिप्टमध्ये असणार, म्हणून तिथला सापळाही सांगतो. तो भारतात विशेष चावतो. ब्राउजरला वेळेचा फरक विचारला की भारतासाठी उत्तर येतं −३३० मिनिटं. युटीसीच्या पुढे असलेल्या देशांना तो ऋण आकडा देतो. पुष्कळ कोडमध्ये तास काढायला 'मॅथ.फ्लोअर' आणि मिनिटं काढायला % असं लिहिलेलं असतं. −३३० ला ६० ने भागून फ्लोअर केलं की −६ येतं, आणि % देतो −३०. म्हणजे साडेपाच तासांचे झाले साडेसहा. भागाकार एका पद्धतीचा, बाकी दुसऱ्या पद्धतीची; ६० × (−६) + (−३०) = −३९०, सूत्रच मोडलं. ज्या देशांचा फरक पूर्ण तासांचा आहे तिथे बाकी शून्य येते, फ्लोअर आणि छाटणी एकच उत्तर देतात, आणि तिथे बसून कोड लिहिणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. आपला अर्धा तास तो उघडा पाडतो. इथे छाटणारं 'मॅथ.ट्रंक' हवं.

अशी मिसळ भाषांनी स्वतःही केली आहे. पास्कलच्या आयएसओ प्रमाणकात 'डिव्ह' छाटतं आणि 'मॉड' कधी ऋण येत नाही. डार्टमध्ये −७ ~/ २ (पूर्णांकी भागाकार) चं उत्तर −३ आणि −७ % २ चं १. दोन्ही एकत्र ठेवले तर −७ परत मिळत नाही. एक्सेलमध्ये तर एकाच फाइलीत दोन नियम नांदतात. सेलमधलं 'मॉड' (−१९, १२ साठी) ५ देतं, पण 'कोशंट' −१ देतं, त्यांची जोडी जुळत नाही. 'मॉड'सोबत 'इंट' वापरावं, जे −२ देतं. आणि तीच बाकी मॅक्रोमध्ये, व्हीबीएच्या 'मॉड'ने काढली तर −७. हिशोबाची शीट करताना कुणी सेलमधलं सूत्र मॅक्रोत नेतं, आणि जमा बाजूला सगळं जुळत असताना फक्त नावे पडलेल्या खात्यांत फरक निघतो. शोधायला तासन्‌तास जातात, कारण सूत्र दिसायला तेच असतं.

तुझ्या बोर्डवर शेवटच्या २४ नोंदी गोल फिरणाऱ्या यादीत ठेवल्या आहेत असं तू लिहिलंस. तिथे "मागची नोंद" काढायला (क − १) % २४ असं असेल (क म्हणजे आत्ताच्या नोंदीचा क्रमांक) तर ते आत्ताच बदल. क शून्य असताना सी++ मध्ये त्याचं उत्तर −१, म्हणजे यादीच्या बाहेर. पायथॉनमध्ये २३ येतं, आणि पायथॉनच्या यादीला −१ क्रमांक दिला तरी शेवटचीच नोंद मिळते, त्यामुळे लॅपटॉपवर तपासलेला कोड निर्धास्त वाटतो. काही जण म्हणतात, क ला चिन्ह नसलेला, 'अनसाइन्ड इंट' प्रकार द्या. त्याने ऋण आकडा जातो, पण चूक जात नाही. ० मधून १ वजा केला की १६ बिटांच्या बोर्डवर ६५,५३५ होतात आणि ३२ बिटांवर ४,२९,४९,६७,२९५. दोन्हींची २४ ने बाकी १५. हवी होती २३. आता यादीच्या बाहेरही जात नाही, प्रोग्रामही पडत नाही, नुसती चुकीची नोंद शांतपणे वाचली जाते. यादीचा आकार १६ किंवा ३२ असता तर हेच गणित बरोबर आलं असतं, कारण हे आकार २ च्या घातांत बसतात. आकार २४ च ठेवायचा असेल तर (क + २३) % २४ लिही. ऋण होण्याची वेळच येत नाही.

कोणताही ऋण आकडा येऊ शकेल अशा ठिकाणी, छाटणाऱ्या भाषेत धन बाकी हवी असेल, तर ((अ % ब) + ब) % ब हे रूप पाठ करून ठेव. ब धन असेल आणि बेरीज प्रकारात मावत असेल तोवर ते चालतं.

उरलेले सापळे पटकन सांगतो. विषम संख्या ओळखायला "बाकी १ आहे का" असं विचारू नकोस. छाटणाऱ्या भाषेत −७ ची बाकी −१ असते आणि −७ सम ठरतो. "बाकी शून्य नाही ना" असं विचार. जावात −७ / २ चं उत्तर −३ येतं पण −७ >> १ चं −४; उजवीकडे बिट सरकवणं हे खाली जाणं आहे, म्हणून "वेगासाठी" भागाकाराच्या जागी सरकवणं टाकताना ऋण आकडे तपास. कंपायलर हे स्वतः करतो तेव्हा आधी चिन्हाची दुरुस्ती करून मगच सरकवतो, तुला ते करायची गरज नाही. आणि ३२ बिटांचा सगळ्यांत लहान पूर्णांक, −२,१४,७४,८३,६४८, याला −१ ने भागायची वेळ आली तर उत्तर मावतच नाही: जावा तोच आकडा परत देते, रस्ट थांबते, सी मध्ये काहीही होऊ शकतं आणि इंटेलच्या यंत्रावर प्रोग्राम कोसळतो.

आता तुझ्या कामाला लाग. फरकाला फूट-इंचात लिहिणारं एकच फंक्शन दोन्हीकडे ठेव आणि पुढच्या आकड्यांवर दोन्हीकडे चालव: ६० ला "५ फूट ० इंच वर" आलं पाहिजे, ती ४५ फुटांची धोका पातळी. १ ला "० फूट १ इंच वर". ० ला वर-खाली काहीच नको, "इशारा पातळीवर". −१ ला "० फूट १ इंच खाली", −११ ला "० फूट ११ इंच खाली", −१२ ला "१ फूट ० इंच खाली", −१३ ला "१ फूट १ इंच खाली", −१९ ला "१ फूट ७ इंच खाली". −१ आणि −११ मध्ये "खाली" हा शब्द आला नाही, तर फलक पुलावर लावू नकोस.